टप्पा क्रमांक नऊ

सकाळी पाच चाळीसला डेपोतून निघते,
साडेदहाला डेपोतच परत.
पाटीवर नुसतं ‘गोल फेरी’.
‘मार्गे’ लिहायला जागा पुरली नाही.

मी नवीन होते तेव्हा सत्तारभाई म्हणाले,
या गाडीला शेवटचा स्टॉप नाही, मॅडम,
झोपलेल्याला उठवायचं काम तुमचं.
गिअर टाकताना ते डावा खांदा असा पाडतात,
जसं धानाचं पोतं उतरवावं.

पिंपळटोलीला रोवण्याच्या बाया चढतात,
चौदा जणी, चौदा अर्धी तिकिटं,
सगळ्यांचे पैसे एकीच्या पदरात.
कालचा चिखल पिंडऱ्यांवर वाळून पांढरा.
“तुह्या घरी सैपाक कोन करते वं?”
“जो आधी उठते तो.”
एवढ्या हसतात
की सत्तारभाई आरशात बघतात.

भिवकुंडच्या निळ्या कमानीखाली
भरतीची तयारी करणारी पोरं,
धावून आलेली, तरी उभीच राहतात.
जंगलाच्या टोकाला कुळमेथेबाई,
उन्हाळ्यात मोहाची टोपली, एरवी बकरी.
बकरीच्या तिकिटावरून आमचं भांडण
तीन वर्षं चालू आहे.
बकरी दरवेळी वेगळी असते.

सखरू मारबते मंगळवारचा.
बाजाराचा दिवस, पण हातात पिशवी नाही.
“कोठी जाता, बाबा?”
“गोल.”
मशीन ‘पासून’ विचारतं, ‘पर्यंत’ विचारतं.
दोन्हीकडे एकच गाव दाबलं
की पीं करून मलाच मूर्ख ठरवतं.
“मंग कुडेघाट द्या.”

कुडेघाट धरणाच्या पाण्यात गेलं,
अकरा वर्षं झाली.
माणसं वर माळावर आली, रांगेत, घरांना नंबर.
नव्या गावाला नाव मिळालं, शाळा मिळाली,
टप्पा मिळाला नाही.
मशीनमध्ये अजून नऊ म्हणजे कुडेघाट.
तिथली पोरंसोरं रोज
बुडालेल्या गावाचं तिकीट घेऊन
कोरड्या जमिनीवर उतरतात.
मी अर्ज केला होता.
साहेब म्हणाले, वर पाठवलाय.

सखरू उतरत नाही.
वळणावर, जुना रस्ता जिथं सरळ पाण्यात शिरतो
डांबर, पांढरी पट्टी, सगळ्यासकट,
तिथं तो काच सरकवतो.
इथं त्याचा डोंगा लागायचा.
समोरचं हिरडमाळ वल्ह्याच्या मापानं दीडशे हात.
आता तेच हिरडमाळ पन्नास मिनिटं,
पूल ओलांडून, अर्ध्या तालुक्याला वळसा घालून.
“तुमचा रस्ता लय लांबचा, बाई,” तो म्हणतो,
धंद्यातल्या माणसानं धंद्यातल्या माणसाला सांगावं तसं.
मग मागं वळून सीटा मोजतो.
“पन एवढे लोक म्या एका खेपेत कधी नाई नेले.”

हिरडमाळला गाडी दहा मिनिटं थांबते.
एक म्हातारी खिडकीतून त्याला चहा देते.
तो कप परत देतो.
बोलताना मी त्यांना ऐकलेलं नाही.
कोण लागते, विचारलंही नाही.

गेल्या मंगळवारी त्याला पंचाहत्तर पूर्ण झाली.
कार्ड दाखवलं. मशीननं शून्य रुपयाचं तिकीट काढलं.
तो खुश होईल वाटलं, तर चिडला.
“पैसेच नाई घेतले
तं मी जाऊन आलो हे कोन लिहीन?”
मी तिकीट उजेडात धरलं, बोट ठेवून वाचून दाखवलं:
तारीख. वेळ. कुडेघाट.
त्यानं घडी करून टोपीत ठेवलं.
ही शाई टिकत नाही,
घामानं महिन्याभरात कागद कोरा होतो.
हे मी बोलले नाही.

आज दुपारी साहेबांचा फोन.
अर्ज मंजूर. एक तारखेपासून टप्पा नऊला नवं नाव.
माझी सही आहे म्हणून मलाच कळवलं.
सत्तारभाईंना सांगितलं.
खांदा पाडून त्यांनी गिअर टाकला,
पिंपळटोली येईपर्यंत काही बोलले नाहीत.

आज सोमवार आहे.